कन्फ्यूशियसने मान खाली घालायला शिकवले नाही

संपादक महोदय,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला चिनी शिस्तीवरचा लेख वाचला आणि सोमवारी सकाळीही डोक्यातून गेला नाही, म्हणून लिहीत आहे. लेखकांचा व्यासंग मोठा असेल, त्याबद्दल मला आदरच आहे. पण कन्फ्यूशियसने चिनी माणसाला वरिष्ठांचे निमूट ऐकायला शिकवले, म्हणून तिथे सरकारचा शब्द खाली पडत नाही, आणि आपल्याकडेही असा गुरू हवा होता, हे त्यांनी काढलेले तात्पर्य साफ चुकीचे आहे. छापण्यापूर्वी कुणीतरी 'लुन-यू', म्हणजे कन्फ्यूशियसच्या वचनांचा आणि संवादांचा ग्रंथ, उघडून पाहायला हवे होते.

त्याच्या तेराव्या प्रकरणात लू राज्याचा अधिपती डिंग विचारतो, एका वाक्याने राज्य बुडू शकते का? कन्फ्यूशियस म्हणतो, एका वाक्यात एवढे बळ नसते, पण त्याच्या जवळ जाणारे एक वाक्य आहे. राजा असण्याचा आनंद एवढाच की माझ्या शब्दाला कुणी विरोध करीत नाही, हे ते वाक्य. राजाचे बोलणे योग्य असेल तर विरोध नसणे ठीक. अयोग्य असेल आणि तरीही कुणी बोलत नसेल, तर राज्य बुडायला तेवढे पुरे. पितृभक्तीवरच्या 'शिआओ-चिंग' या ग्रंथात तर शिष्य सरळच विचारतो की वडिलांची आज्ञा पाळणे म्हणजेच पितृभक्ती का. यावर गुरुजी चिडतात. सम्राटाला तोंडावर अडवणारे सात मंत्री असले तर तो मार्ग चुकलेला असूनही राज्य गमावत नाही, असे ते सांगतात, आणि बापालाही अडवणारा मुलगा हवा, असे म्हणतात. याला निमूट ऐकणे कसे म्हणायचे?

मला याचा एवढा राग का येतो तेही सांगते. मी एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत आयुष्य काढले. एकदा एका रस्त्याच्या कामाचे देयक माझ्या टेबलावर आले. मोजमाप पुस्तिकेत त्या कामाची नोंदच नव्हती. मी टिपणीत तसे स्वच्छ लिहिले आणि देयक मंजूर करू नये असा अभिप्राय दिला. साहेबांनी बोलावून घेतले. "बाई, वरिष्ठांचा मान राखायला शिका," म्हणाले. मी टिपणी मागे घेतली नाही. चार दिवसांनी नस्ती परत आली तेव्हा माझे पान काढून तिथे दुसऱ्याच्या अक्षरातले, 'मंजुरीस हरकत नाही' असे पान लावलेले होते. देयक निघाले आणि माझी बदली झाली. नवीन ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाला एक व्याख्याते आले होते. त्यांनी पडद्यावर कन्फ्यूशियसचे चित्र दाखवले आणि 'वरिष्ठांची आज्ञा हाच धर्म' असे त्याच्या नावावर खपवले. पहिल्या रांगेतले अधिकारी माना डोलवत होते. मी त्याच आठवड्यात ग्रंथालयातून 'लुन-यू'चे इंग्रजी भाषांतर आणले, आणि तेव्हापासून या माणसाच्या नावावर असले काही खपवलेले मला सहन होत नाही.

पान काढण्याचा उद्योग चीनमध्येही झाला आहे, आणि तो सम्राटाने केला. कन्फ्यूशियसच्याच परंपरेतला मोठा विचारवंत मेन्शियस याने लिहून ठेवले होते की प्रजा सर्वांत मोलाची, राज्य त्यानंतर, आणि राजा सर्वांत कमी मोलाचा. जुलमी राजाला मारले तर राजहत्या होत नाही, एका दुष्ट माणसाचा वध होतो, असेही तो सांगतो. 1368 मध्ये गादीवर आलेल्या मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाला, होंगवूला, हे वाचून संताप आला. त्याने कन्फ्यूशियसच्या मंदिरातून मेन्शियसच्या नावाची पूजेची पाटी हलवायला सांगितली आणि कुणी आडवे आले तर बाण मारा, असे फर्मान काढले. मंत्री च्येन थांग छाती उघडी टाकून पुढे गेला. मेन्शियससाठी मरण आले तर त्यात भूषणच आहे, हे त्याचे शब्द मिंग घराण्याच्या अधिकृत इतिहासात आहेत. सम्राटाला पाटी परत बसवावी लागली. पण राग गेला नव्हता. 1394 मध्ये त्याने मेन्शियसच्या ग्रंथातले 85 उतारे गाळून नवी आवृत्ती काढली आणि गाळलेल्या भागावर राजपरीक्षेत, म्हणजे सरकारी अधिकारी निवडण्याच्या परीक्षेत, प्रश्न काढायचे नाहीत असे ठरवले. परीक्षेत नाही ते विद्यार्थी वाचत नाहीत, हे पुण्यात पेठापेठांतल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या आपल्या मुलांना वेगळे सांगायला नको. त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत ती काटछाट मागे घेतली गेली. तुमच्या लेखात मेन्शियसचे नावदेखील नाही.

मग ती आज्ञाधारक शिस्त आली कुठून? लेखकांनी तिचे श्रेय भलत्याच माणसाला दिले आहे. तेव्हाच्या चीनमधल्या अनेक राज्यांपैकी चिन नावाच्या राज्यात शांग यांग या मंत्र्याने इ.स.पू. चौथ्या शतकात पाच-पाच, दहा-दहा घरांचे गट पाडले आणि एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्यांना जबाबदार धरले. गुन्हेगाराची खबर न देणाऱ्याला कमरेतून तोडण्याची शिक्षा होती. कडक कायदा आणि शिक्षा यांवरच राज्य चालते असे मानणाऱ्या कायदेवाद्यांची ही शाळा. तिचा मोठा विचारवंत हान फेई स्वतः चिनच्याच तुरुंगात मेला. याच मार्गाने चिनच्या राजाने इ.स.पू. 221 मध्ये सगळा देश एक केला, आणि इ.स.पू. 213 मध्ये कन्फ्यूशियसच्या परंपरेतले ग्रंथ जाळायला लावले. त्याच सम्राटाच्या समाधीजवळच्या मातीच्या सैनिकांचे छायाचित्र तुम्ही या लेखासोबत, कन्फ्यूशियसच्या नावाखाली, अर्धे पान छापले आहे! ज्याने कन्फ्यूशियसच्या परंपरेची पुस्तके जाळली त्याचे सैन्य कन्फ्यूशियसच्याच नावावर. ती राजवट पंधरा वर्षांत कोसळली.

पुढच्या हान घराण्याने कन्फ्यूशियसला दरबारात मानाची जागा दिली, पण दंडाची यंत्रणा सोडली नाही. सम्राट श्वान आपल्या मुलाला रागावून म्हणाला होता की आपल्या घराण्याची पद्धत सद्गुण आणि दंड हे दोन्ही मार्ग मिसळण्याची आहे, नुसत्या सद्गुणांवर राज्य चालत नाही. चीनच्या कारभारात कन्फ्यूशियसचा वाटा किती आणि दंडुक्याचा किती, हे समजून घ्यायचे तर सुरुवात इथून करायला हवी होती.

कन्फ्यूशियसच्या परंपरेत सगळेच चांगले होते असे मी म्हणत नाही. विधवेने उपाशी मरावे पण दुसरे लग्न करू नये, असे सांगणारे पंडित याच परंपरेत झाले, आणि अशा विधवांसाठी कमानी उभारल्या गेल्या. एक बाई म्हणून मला ते वाचवत नाही. त्यावर लेखकांनी टीका केली असती तर मी पहिले अभिनंदन केले असते.

आणखी एक. तुमच्या 'सुविचार' चौकटीत गेल्या महिन्यात 'आवडीचे काम निवडा म्हणजे आयुष्यात एक दिवसही काम करावे लागणार नाही' हे वाक्य कन्फ्यूशियसचे म्हणून आले होते. 'लुन-यू'त असे काहीही नाही. ज्या वाक्याचे मूळ माहीत नाही त्याखाली नाव घालू नका, ही विनंती. त्या चौकटीत एकदा राजा डिंगचा प्रसंग छापा.

हे पत्र लांबले आहे याची मला कल्पना आहे. जागेअभावी कापायचेच असेल तर माझ्या कार्यालयाची हकिकत कापा. च्येन थांगचा मजकूर पूर्ण राहू द्या.

आपली,
एक सेवानिवृत्त लेखा कर्मचारी, सातारा