जादा कार्पेट किती ते कळलं, महिन्याचा मेंटेनन्स किती?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत सोसायट्यांच्या पुनर्विकासावर सध्या बरंच काही छापून येतं. जादा कार्पेट (म्हणजे घरातलं प्रत्यक्ष वापरायचं क्षेत्रफळ) किती टक्के, बांधकाम होईपर्यंतचं जागाभाडं किती, कॉर्पस (म्हणजे बिल्डरने सभासदांना द्यायची एकरकमी रक्कम) किती, ताबा किती महिन्यांत, सगळं असतं. नवीन इमारतीत राहायला गेल्यावर दर महिन्याला किती रुपये भरावे लागणार, हा आकडा मात्र मला आजवर एकाही लेखात दिसला नाही. जाहिरातीत तो असणार नाही हे समजू शकते. पण सभेतही तो कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

मी कोथरूडला राहते. आमची इमारत 1984 ची, तळमजला अधिक तीन, अठरा फ्लॅट, लिफ्ट नाही. मी सोसायटीची खजिनदार आहे. वीज मंडळाच्या बिलिंग विभागात नोकरी झाली, त्यामुळे कागदावर बेरीज दिसली की पेन्सिल घेऊन ती पडताळून बघायची खोड अजून गेलेली नाही. पुनर्विकासाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते, नाहीतर सभेत जसं होतं तसं इथेही व्हायचं. ड्रेनेजचे पाइप गंजलेत, पार्किंगमधल्या दोन कॉलमची सळई उघडी पडली आहे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना गुडघ्यांमुळे खाली उतरायचं म्हणजे आदल्या दिवशी ठरवावं लागतं. इमारत पाडून नवीन बांधायलाच हवी. फक्त ती आम्हाला परवडणारी हवी.

आमच्याकडे आतापर्यंत तीन बिल्डर सादरीकरण करून गेले. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या, भिंतीला पांढरी चादर लावून प्रोजेक्टर सुरू केला, काजूकतलीची पाकिटं वाटली. चादरीवर बारा मजली इमारत उगवली. गच्चीवर पोहण्याचा तलाव, तलावाकाठी आरामखुर्चीत एक गोरी बाई, मागे डोंगर. (डोंगर आमचाच होता, वेताळ टेकडीचा. बाई कुठली कोण जाणे.) मग जिम, योगा डेक, मुलांसाठी वेगळी जागा, ज्येष्ठांसाठी वेगळी जागा. सगळे खूश होते. मी हात वर करून विचारलं, हे सगळं चालवायला महिन्याला किती खर्च येईल? सादरीकरण करणारा मुलगा गोड हसून म्हणाला, "आजी, ते सोसायटी कशी मेंटेन करते त्यावर डिपेंड असतं. आणि पहिली दोन वर्षं मेंटेनन्स आमच्याकडेच आहे, तुम्ही काळजीच करू नका." टाळ्या पडल्या. मला मात्र काळजी तिसऱ्या वर्षाची होती. सोसायटीच्या नावाने बिलं तेव्हापासून सुरू होतात आणि तोवर हा मुलगा दुसऱ्या सोसायटीत चादर लावत असतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या एका सोसायटीचा पुनर्विकास होऊन काही वर्षं झाली. तिथले खजिनदार सकाळी फिरायला आमच्याबरोबर असतात. त्यांनी मला त्यांची वही उघडून दाखवली. बारा मजले, चव्वेचाळीस फ्लॅट, दोन लिफ्ट. दोन पाळ्यांत मिळून चार सुरक्षारक्षक, एजन्सीचं बिल महिना 72,000. साफसफाईची दोन माणसं, 28,000. लिफ्ट, पंप, जिने, पार्किंगचे दिवे आणि तलावाची मोटर मिळून कॉमन मीटरची वीज सरासरी 35,000. लिफ्टचा देखभाल करार महिन्याला 10,000 च्या घरात. प्लॉट अरुंद असल्यामुळे पार्किंग यांत्रिक आहे, गाड्या एकावर एक चढतात. त्याचा करार 12,000. अग्निशमन यंत्रणा, जनरेटरचं डिझेल, हिशेबनीस, विमा, झाडं अशा किरकोळ बाबींचे मिळून 19,000. बेरीज 1,76,000. चव्वेचाळिसाने भागलं की दर फ्लॅटला 4,000 बरोबर. यात उन्हाळ्यातले टँकर नाहीत. पूर्वी अठरा घरं जेवढ्या जाडीच्या नळावर होती तेवढ्याच नळावर आता चव्वेचाळीस घरं आहेत. टँकर येणारच.

वही इथे संपत नाही. आदर्श उपविधीनुसार, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांनुसार, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) 0.25 टक्के, म्हणजे दोन्ही मिळून एक टक्का काढायचा असतो. आमच्या 1984 च्या इमारतीचा बांधकाम खर्च इतका कमी होता की हा एक टक्का आम्हाला कधी जाणवलाच नाही. नवीन फ्लॅटचा बांधकाम खर्च 24 लाख धरला तर वर्षाला 24,000, महिन्याला 2,000. एकूण झाले 6,000. आज आम्ही भरतो 900. आणि त्या नऊशेवरूनही आमच्याकडे दर वार्षिक सभेत भांडण होतं.

अग्निशमन यंत्रणेचा खर्च ऐच्छिक आहे असं कोणी समजू नये. 2006 च्या राज्याच्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. आणि ते द्यायलाच हवं, बाराव्या मजल्यावर राहायचं म्हणजे गंमत नाही. लिफ्टचंही तसंच. तलाव आणि जिमचं तसं नाही. त्या गल्लीतल्या सोसायटीत तलावाचा पंप चालतो, पाणी बदललं जातं, क्लोरिन घातलं जातं आणि पोहतात मोजून पाच-सहा मुलं, तीही मे महिन्यात. जिममधली ट्रेडमिल बंद आहे. तिच्यावर कोणाच्या तरी घरचे टॉवेल वाळत होते.

आता कॉर्पसकडे येते, कारण या सगळ्यावर तेच उत्तर दिलं जातं. "कॉर्पसच्या व्याजात मेंटेनन्स भागेल की!" आम्हाला दर सभासदामागे तीन लाखांचा देकार आहे. सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज 21,000, म्हणजे महिन्याला 1,750. सहा हजारातून ते वजा केले तरी 4,250 खिशातून जाणार. शिवाय व्याज आहे तिथेच राहतं, रखवालदाराचा पगार दर वर्षी वाढतो. आणि तो वाढायलाच हवा, बारा तास खुर्चीवर बसणाऱ्या माणसाच्या पोटावर पाय देऊन मला माझा मेंटेनन्स कमी करायचा नाही. बहुतेक ठिकाणी तर हे पैसे सोसायटीच्या खात्यात न जाता थेट सभासदाच्या हातात पडतात. नवीन घर, नवीन वॉर्डरोब, मॉड्युलर किचन. ताबा घेऊन दिवाळी झाली की कॉर्पस संपलेला असतो.

आमच्या तळमजल्यावरच्या वहिनींचे यजमान भोसरीला एका कारखान्यात होते. ते गेले, आता वहिनींना ईपीएफची कुटुंब निवृत्तिवेतनाची जी रक्कम येते ती दोन हजारांच्या आतली आहे. या योजनेत किमान पेन्शन 2014 पासून 1,000 रुपये आहे, ती अजून तेवढीच. आम्हा मंडळाच्या लोकांनाही सरकारी पेन्शन नव्हती, त्यामुळे ही रक्कम काय असते ते मला ठाऊक आहे. कागदावर वहिनी कोट्यधीश आहेत. कोथरूडमध्ये मालकीची जागा, उद्या ती आणखी मोठी होणार. पण बिल दर महिन्याला येतं आणि ते फ्लॅटची एखादी वीट विकून भरता येत नाही. थकबाकीवर 21 टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावायची मुभा उपविधीत आहे. पुढे सहकारी संस्थांच्या निबंधकांकडून वसुली दाखला, म्हणजे सक्तीने वसुली. वहिनींनी चाळीस वर्षांत एक महिना चुकवलेला नाही. त्यांचं नाव नोटीस बोर्डावरच्या थकबाकीदारांच्या यादीत माझ्या हाताने लिहायची वेळ यावी, असं मला वाटत नाही.

त्यात वाटणीचा नियम असा आहे की सहकारी सोसायटीत रखवालदार, सफाई, जिन्यातले दिवे हा सेवाशुल्कातला खर्च सगळ्या फ्लॅटना सारखा वाटला जातो. वहिनींचा वन बीएचके आणि वरच्या मजल्यावर नव्याने येणारा चार बेडरूमचा फ्लॅट, दोघांना तेवढंच बिल. 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतीत अविभक्त हिश्श्याप्रमाणे, म्हणजे इमारतीत ज्याचा जेवढा टक्का त्याप्रमाणे, वाटणी होते, सोसायटीत नाही. हा खर्च कमी करू म्हणावं, तर तेही आमच्या हातात राहणार नाही. आज आम्ही अठरा आहोत. उद्या त्या गल्लीतल्या सोसायटीसारखे चव्वेचाळिसात अठरा असू. जिम बंद करा असा ठराव आम्ही मांडला तर सव्वीस हात विरोधात वर जातील. त्यात त्यांची चूक नाही, त्यांनी जिमचे पैसे मोजूनच फ्लॅट घेतलेला असणार. जे काही ठरवायचं ते आम्ही अठराच आहोत तोवर, करारावर सही व्हायच्या आधी ठरवायला हवं.

आणि अठरातलेही सगळे एका बाजूला नाहीत. सात जण इथे राहतच नाहीत. कोणी बाणेरला, कोणी अमेरिकेत, फ्लॅट भाड्याने दिलेला. त्यांचं म्हणणं सरळ आहे, जास्तीत जास्त कार्पेट घ्या. भाडं वाढेल, मेंटेनन्स त्यात निघून जाईल. त्यांना फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल बिनवहिवाट शुल्क पडतं तेही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. त्यांच्या जागी असते तर मीही कदाचित तेच म्हटलं असतं. पण मत त्यांचंही एक आणि काकूंचंही एक.

मिळकतकराचंही बघून ठेवावं. जुन्या इमारतींचा कर जुन्या दराने बसलेला असतो. नवीन इमारतीची आकारणी नव्याने, आजच्या दराने होते. मालक स्वतः राहत असेल तर पुणे महापालिकेची 40 टक्के सवलत आहे, ती मध्यंतरी गेली होती, 2023 मध्ये परत आली. पण त्यासाठी पीटी-3 अर्ज स्वतःहून भरावा लागतो. नवीन घरात गेल्यावर हा कागद विसरू नका एवढंच सांगते.

सरकारचा 4 जुलै 2019 चा पुनर्विकासाचा आदेश मी वाचला आहे. दोन तृतीयांश गणसंख्या, 51 टक्के सभासदांची संमती, सभेचं चित्रीकरण, निबंधकांचा अधिकारी हजर, प्रकल्पखर्चाच्या 20 टक्के बँक हमी. चांगला आदेश आहे, पण त्याचा सगळा भर बिल्डर निवडण्यावर आणि इमारत पुरी होण्यावर आहे. ती पुढे चालवायची कशी, हे आपलं आपणच बघायचं. आमच्या सल्लागारांना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "असा तक्ता आजपर्यंत कोणी मागितला नाही, पण करून देता येईल." अवघड काहीच नाही. लिफ्ट किती, पंप किती अश्वशक्तीचे, रखवालदार किती, हे नकाशा तयार होतो त्या दिवशीच माहीत असतं. मंजूर भार कळला तर विजेचं बिल मी स्वतः काढून देईन.

माझी मागणी साधी आहे. देकार मागवतानाच प्रत्येक बिल्डरकडून ताब्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाचा खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा, सुविधा एकेक करून वेगळी दाखवून. तलावासह किती, तलावाशिवाय किती, हे कळलं तर अर्धी सभा तलाव नको म्हणेल असा माझा अंदाज आहे. यांत्रिक पार्किंग टाळता येत असेल तर दोन गाड्या असणाऱ्यांनी एकीवर भागवावं. (यावर माझ्याशी दोन घरं बोलेनाशी झाली आहेत.) जादा कार्पेटमधला थोडा भाग सोडून कॉर्पस वाढवून घ्यावा. तो सोसायटीच्या नावाने मुदत ठेवीत ठेवावा, मुद्दलाला हात लावायचा नाही, आणि व्याज फक्त आम्हा जुन्या अठरा जणांच्या बिलातून वजा व्हावं, हे करारातच लिहून घ्यावं. साठ चौरस फूट कमी मिळाले तर पाहुण्यांना झोपायला जागा कमी पडेल. आजवर कुठे पाहुणे परत गेलेत?

आमची विशेष सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे. तीत हा ठराव मी सूचक म्हणून दिला आहे, अनुमोदक तळमजल्यावरच्या वहिनी आहेत. कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे भागातल्या ज्या सोसायट्यांना ताबा मिळून तीन वर्षं उलटली आहेत, त्यांच्या खजिनदारांनी आपला महिन्याचा खर्च, फ्लॅटची संख्या आणि लिफ्टची संख्या एवढ्या तीन गोष्टी याच सदरात कळवल्या तर सभेत माझ्या हातात एका वहीऐवजी दहा वह्यांचे आकडे असतील. आपण ते छापावेत अशी विनंती.

आपली वाचक,
एका सोसायटीची खजिनदार, कोथरूड, पुणे
(सभासदांत गैरसमज नकोत म्हणून नाव छापू नये.)