दोन पट्ट्यांमधला गंधार

कोल्हापूर, रविवार

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. पहिल्यांदा आईनं मिक्सर चालू ठेवून ऐकवला, त्यात निम्मं गेलं. कळलं ते एवढं, की आठवड्याला चार दिवस पियानो शिकवायची नोकरी आलीय आणि घेतली तर तुझे जॅझ पियानोचे दौरे निम्म्यावर येणार. आणि लोक म्हणतील, वाजवणं जमेना म्हणून मास्तरीण झाली.

कुठले लोक गं? अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गात होते ते ह्याच गावात. त्यांचं गाणं आपल्यापर्यंत आलं ते केसरबाई, मोगूबाई या त्यांच्या शिष्यांच्या गळ्यातून. खाँसाहेबांना कुणी मास्तर म्हणून हिणवलेलं मी तरी ऐकलं नाही. पैशाचं तूच बघ. दौऱ्याचं मानधन विमानवाला आणि हॉटेलवालाच खातो, हे तूच सांगितलंस.

मला वेगळंच सांगायचं होतं. गेल्या आठवड्यात भजनी मंडळाची बाजाची पेटी दुरुस्तीला आली. तिथं गाणाऱ्या बाईंची तक्रार, गंधार, म्हणजे ग, टोचतो. बरोबरच आहे. पेटी पियानोसारखी, सगळे सूर सारख्या अंतरावर लावलेली, त्यात गंधार तंबोऱ्यातल्या नैसर्गिक गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो; अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा. तंबोऱ्यात कान मुरलेल्याला ते खुपतं. पेटीतल्या पितळी सुराच्या जिभेला टोकाशी कानस मारली की तो चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. मी बुडाशी हलक्या हातानं खरवडत गेलो, मध्ये मध्ये भाता मारून ऐकत. रात्री दहाला गंधार बसला. खूश होऊन पेटी दिली आणि तिसऱ्या दिवशी परत आली! मी दुसरी काळी पट्टी (काळी दोन) सा धरून लावली होती, बाई गातात पाचवी पांढरी (पांढरी पाच) सा धरून. सा हलला की सगळी सोय उलटते. चाळीस वर्षं हेच काम करतोय आणि विचारायचं राहिलं.

मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, निघत नाही, सूर जागचा हलत नाही, अशा तक्रारींवरूनच १९४० साली आकाशवाणीनं पेटी बंद केली. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. तू जॅझकडे वळलीस तेव्हा मला वाटलं होतं, पोरगी त्याच भिंतीवर डोकं आपटायला निघाली, फक्त भिंत मोठी, ८८ पट्ट्यांची. मग दिवाळीत तू मला तो अमेरिकन जॅझ पियानोवाला थेलोनियस मंक ऐकवलास. शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबतो आणि मधला, पियानोत नसलेलाच सूर कानाला भासवतो. त्या रात्री मी जेवताना बोललो नाही, आईला वाटलं भाजी बिघडली.

तेव्हा नोकरी घे किंवा नको घेऊ, पण पोरांना तो मधला सूर कसा दाखवतेस, ते एकदा रेकॉर्ड करून पाठव. मी पेटीवर कोमल आणि शुद्ध गंधार एकत्र दाबून बघितला. पियानोचा आवाज विरत जातो म्हणून तिथं दोन सुरांचं भांडण झाकलं जातं. पेटीत भाता चालू आहे तोवर दोघं भांडतच राहतात. पेटी न्यायला आलेल्या बाईंनी दारातूनच विचारलं, "आप्पा, पट्टी अडकली काय?"

तुझा,
आप्पा