शुगरच्या मुलांच्या डोळ्यांची नसही तपासा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना त्याला शुगर निघाली. टाइप 1 म्हणून इन्सुलिन सुरू झालं आणि आम्ही त्याची सवय करून घेतली. अकराव्या वर्षी त्याला फळ्यावरचं दिसेना, गवतात पडलेला लाल चेंडू सापडेना. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले शुगर सांभाळा, शुगरचे डॉक्टर म्हणाले चष्मा बदला. रात्री तो चार-चार वेळा उठून तांब्याभर पाणी प्यायचा. पथ्य पाळत नाही म्हणून मी त्यालाच रागावले. इन्सुलिन वाढवलं गेलं, आणि एका पहाटे तो घामाने चिंब भिजून बेशुद्ध पडलेला सापडला. ते रागावणं मला आजही सलतं.

तीन वर्षं गेल्यावर एका डॉक्टरांनी दोन्ही फायली एकत्र वाचल्या. डोळ्याचा पडदा ठीक होता, डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी मुख्य नसच पांढरी पडली होती. वुल्फ्रॅम सिंड्रोम. हा आजार 1938 मध्ये अमेरिकेत एकाच घरातल्या चार भावंडांत नोंदवला गेला आणि त्याचं जनुक 1998 मध्ये सापडलं. हे जनुक वुल्फ्रॅमिन नावाचं प्रथिन घडवतं. पेशीत प्रथिनं जिथे तयार होतात तिथे नीट न घडलेली प्रथिनं साचली की पेशीवर ताण येतो. वुल्फ्रॅमिन तो ताण आवरतं, कॅल्शियमचा तोल राखतं. ते बिघडलं की इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी बहुधा आधी मरतात, मग डोळ्याची नस, पुढे ऐकू येणं, चालण्यातला तोल, श्वास चालवणारा मेंदूचा भाग. माझ्या मुलाची तहान शुगरची नव्हतीच. शरीरात पाणी धरून ठेवणारं संप्रेरक कमी पडत होतं. त्याची उणीव भरून काढणारं डेस्मोप्रेसिन हे औषध सुरू झालं आणि तो रात्रभर झोपू लागला. एवढ्यासाठी तीन वर्षं?

साहेब, हा आजार दुर्मीळ आहे हे मला मान्य आहे. पण आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आलं की तो होतो, आणि आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत अजून आहे. मी सासरी आले ती आत्याच्याच घरी. तेव्हा यातलं कुणी काही सांगितलं नाही. आणखी एक गोष्ट. याच जनुकातले साधे, सर्रास आढळणारे फरक टाइप 2 मधुमेहाचा धोका थोडा वाढवतात, हे 2007 मध्ये दिसून आलं. देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. माझ्या मुलासारख्या मुलांचा अभ्यास झाला तर तो त्यांच्याही कामी येईल.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत येतात. इन्सुलिन घेणारं मूल दिसलं की त्याला दरवर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवण्याचा आदेश काढा, आणि तिथे पडद्याबरोबर नसही पाहिली जावी. शुगर आणि नसेचा दोष एकत्र आढळला तर जनुक तपासणी सरकारी खर्चाने व्हावी. आम्ही ती माझी पाटली मोडून केली. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात मुंबईचं केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्र आहे, पण तिथवर कसं जायचं हे सांगणारं माणूस जिल्हा रुग्णालयात बसवा. रोग मुळापासून बरा करणारं औषध आज नाही. अमेरिकेत सेंट लुईसमध्ये, इंग्लंडात बर्मिंगहॅममध्ये औषधांच्या चाचण्या झाल्या आहेत. उद्या काही हाती आलं तर आपली मुलं कुठे आहेत हे आपल्याला माहीत असायला हवं, म्हणून राज्यात त्यांची नोंदवहीही ठेवा.

धाकटी पाच वर्षांची आहे. तिलाही हा आजार असण्याची शक्यता चारात एक. तिची तपासणी अजून झालेली नाही. काल ती रात्री दोनदा पाणी प्यायला उठली.

आपली नम्र,
एक आई, सोलापूर जिल्हा