ताक, पन्हे, कोकम घरचेच: आई-बाबांना पत्र

पुणे,
रविवार, १२ एप्रिल २०२६

तीर्थरूप आई आणि बाबा यांना सादर साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण बाबांचा फोनवरचा प्रश्न. उन्हाळा आला की घरखर्च एवढा कसा वाढतो, असे त्यांनी विचारले होते आणि हिशेबाच्या वहीतील मार्च महिन्याच्या पानांचे फोटोही पाठवले होते. ती पाने मी नीट पाहिली. विजेच्या बिलात, औषधांत किंवा गॅसमध्ये फारसा फरक नाही. वाढ झाली आहे ती पिण्याच्या गोष्टींत. पण वहीत त्या दूध, किराणा आणि किरकोळ अशा तीन रकान्यांत विखुरल्या असल्यामुळे एकत्र दिसत नाहीत. ताकाच्या पिशव्या ९०० रुपये, आंब्याच्या पेयाच्या मोठ्या बाटल्या ३००, कोकम सरबताची बाटली १८०, लिंबू सरबताची १५०, बाबांचा सोडा २०० आणि चहाच्या मसाल्याची डबी ८०, अशी बेरीज १,८१० रुपयांवर जाते. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या दोन माणसांच्या घरात ही रक्कम लहान नाही, आणि एप्रिल-मे तर अजून जायचे आहेत.

आई, यावर तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. आता पहिल्यासारखे होत नाही, रवी फिरवली की खांदा भरून येतो, बरणी घेऊन गच्चीवर जाणे गुडघ्यांना झेपत नाही, आणि दोन माणसांसाठी एवढा घाट कशाला घालायचा. तुझे म्हणणे खरे आहे. म्हणूनच पूर्वीसारखे सगळे रोज करत जा, असे मी सुचवत नाही. कष्टाचा भाग हंगामात एकदाच, मी तिथे असताना, उरकून घ्यावा आणि तुम्हाला रोज फक्त चमचाभर अर्क पेल्यात घालून पाणी ओतायचे काम उरावे, एवढीच माझी योजना आहे.

सर्वांत जास्त पैसे ताकात जातात, म्हणून आधी त्याचाच हिशेब मांडते. २०० मिलिलिटरची पिशवी १५ रुपयांना पडते आणि तुम्हाला रोज दोन लागतात. याउलट पाव लिटर गाईच्या दुधाला साधारण १५ रुपये पडतात. त्याचे दही लावून त्यात दुप्पट पाणी घातले की पाऊण लिटर ताक होते, म्हणजे जवळजवळ चार पेले. बाजारात एका पेल्याला जेवढे पैसे मोजता, तेवढ्यात घरी दोघांचे दोन दिवस भागतात. महिन्याचा खर्च ९०० रुपयांवरून सव्वादोनशे-अडीचशेवर येईल. दही रात्री लावावे, उन्हाळ्यात ते पहाटेपर्यंत लागते, आणि लागल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवावे, म्हणजे दुसऱ्या दिवशीही आंबट होत नाही. घुसळण्यासाठी रवीचा आग्रह नको. मिक्सरच्या भांड्यात दही आणि थंड पाणी घालून काही क्षण फिरवले तरी पुरते. फार वेळ फिरवले तर मात्र लोणी सुटून वर गोळा येतो. सायीचे दही विरजून लोणी काढाल त्या दिवशीचे ताक तर फुकटच पडते.

ताकाचा मसाला मी करून पाठवते आहे. भाजलेल्या जिऱ्याची पूड चार चमचे, सुंठ एक चमचा, मिरपूड अर्धा चमचा आणि दोन चिमटी हिंग असे त्याचे प्रमाण आहे. त्यात मीठ मुद्दाम घातलेले नाही. आईला रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितले आहे आणि पिशवीतल्या ताकात किती मीठ असावे हे आपल्या हातात नसते; घरी मात्र बाबांनी आपल्या पेल्यात चिमूटभर घालावे आणि आईने कोथिंबीर व आल्याच्या किसावर भागवावे, अशी सोय होते. सैंधव चालते असे शेजारच्या काकूंनी सांगितल्याचे तू म्हणालीस, पण आई, सैंधव हेही मीठच आहे. त्याचे मापही तितकेच जपावे लागते.

आंब्याच्या पेयाविषयी जरा स्पष्ट लिहिते, कारण ते तुम्ही फळ पोटात जाते या समजुतीने आणता. आपल्याकडच्या नियमानुसार फळाच्या पेयात किमान १० टक्के फळ असले तरी पुरते, आणि लिंबाच्या पेयाला ५ टक्क्यांचीही मुभा आहे. बाकी बहुतांश पाणी आणि साखर. बाटलीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत हे सगळे छापलेले असते. बाबा, चष्मा लावून एकदा ते अवश्य वाचा. फसफसणाऱ्या गोड पेयांचे तर आणखी निराळे आहे. त्यांच्या मूळ किमतीवर ४० टक्के कर लागतो, आणि ३०० मिलिलिटर कोलात ३० ग्रॅमहून अधिक साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या मार्गदर्शनात अशी वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत असलेली अधिक चांगली, असे म्हटले आहे. बाबांची साखर सीमारेषेवर असताना त्या बाटलीसाठी पैसे मोजणे मला कोणत्याच हिशेबात बसवता येत नाही.

त्याऐवजी सध्या कैऱ्या आहेत. आई, तुझ्या पन्ह्याची कृती तुलाच लिहून कळवणे बरे दिसत नाही, म्हणून फक्त साठवणीपुरते लिहिते. कैऱ्या कुकरमध्ये उकडून, गर काढून, त्यात वाटीला दीड वाटी गूळ, वेलदोड्याची पूड आणि किंचित मीठ घालून तो तसाच, पाणी न घालता ठेवायचा. काचेच्या बरणीत तो फ्रीजमध्ये दोन आठवडे सहज टिकतो आणि बर्फाच्या साच्यात घालून गोठवला तर कित्येक महिने राहतो. एका पेल्याला दोन वड्या टाकल्या की पन्हे तयार. अक्षय्य तृतीया तोंडावर आली आहे आणि हळदीकुंकवाला बायका येतीलच. त्यांच्यासाठीही हेच करावे, बाहेरून काही मागवू नये. फक्त बाबांच्या वाट्याचा गर गूळ घालण्याआधी बाजूला काढून ठेव. गूळ म्हणजे साखर नव्हे, हा आपल्या घरातला जुना समज आहे, पण रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. बाबांनी त्या गरात जिरे, पुदिना आणि किंचित मीठ घालून तो पातळ करून प्यावा. मला तर तो गोड पन्ह्याहूनही जास्त आवडतो.

कोकमासाठी मे महिन्याच्या मध्यापर्यंत थांबावे. तेव्हा कोकणातून रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळे, येऊ लागतात. गेल्या वर्षी मी इथल्या मंडईतून दोन किलो रातांबे ८० रुपये किलोने आणले होते. आई, तुझ्या चिपळूणच्या माहेरी करतात त्याच रीतीने केले. फळे धुऊन अगदी कोरडी पुसली, मधोमध चिरून बिया आणि त्यांच्याभोवतीचा पांढरा गर वेगळा काढला. सालींच्या वाट्या साधारण किलोभर भरल्या. प्रत्येक वाटीत साखर दाबून भरून त्या काचेच्या बरणीत थरावर थर अशा लावल्या आणि वरून आणखी साखर घातली, मिळून दोन किलो. तोंडाला फडके बांधून बरणी खिडकीत उन्हाला ठेवली. दुसऱ्याच दिवशी तळाशी गर्द लाल पाक जमू लागला, आणि आठवडाभरात साली त्यात बुडून सुरकुतल्या. मग गाळून भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली. साखर एवढी असली की त्याला टिकवण्याची वेगळी पावडर लागत नाही. ओला चमचा तेवढा बरणीत जाऊ द्यायचा नाही. अडीचशे रुपयांच्या आत जवळपास दोन लिटर पाक झाला, म्हणजे पेल्याला चार रुपयेच पडले. तीच बाटली दुकानातून घेतली तर किमान दुप्पट पैसे जातात. यंदा रातांबे मी इकडूनच घेऊन येईन; चिरण्याचे काम बाबा आणि मी करू, तू खुर्चीवर बसून थर लावायला सांग. गच्चीची मुळीच गरज नाही, बैठकीच्या दक्षिणेकडील खिडकीत ऊन पुरेसे येते. उरलेल्या बिया टाकायच्या नाहीत. मामीकडे पोहोचवल्या तर ती त्यांचे तेल काढून पायांच्या भेगांसाठी देईल.

हेही गोडच सरबत असल्यामुळे बाबांनी त्यात वाटेकरी होऊ नये. त्यांच्यासाठी बिनमिठाची वाळवलेली सोले, म्हणजे कोकमाच्या सुकवलेल्या साली, आणते. रात्री चार-पाच सोले पेलाभर पाण्यात भिजत घातली की सकाळी रंग आणि आंबटपणा दोन्ही उतरतात. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, मात्र तुम्हा दोघांसाठीही हात राखूनच वापरायला हवे, कारण ते मिठातच टिकवलेले असते. सोलकढी करायची असेल तर आधी आगळ घालून चव पाहावी, वेगळे मीठ बहुधा लागतच नाही, आणि नारळाचे दूध असल्याने ती त्याच दिवशी संपवावी.

लिंबांच्या बाबतीत सध्या हात आखडता घ्यावा. उन्हाळ्यात बाजारात येणारे पीक हस्त बहाराचे, म्हणजे पावसाळा सरताना आलेल्या फुलोऱ्याचे, असते. ते धरणे अवघड असल्याने माल कमी येतो आणि एकेका लिंबाला आठ-दहा रुपये मोजावे लागतात. जून-जुलैत आंबे बहाराची, म्हणजे हिवाळा सरताना आलेल्या फुलोऱ्याची, लिंबे आली की भाव उतरतात. तेव्हा आपण शंभरभर लिंबांचा रस एकदम काढून साच्यांत गोठवून ठेवू. सरबताचा पाक करायचा असेल तर पाक पूर्ण निवल्यावरच रस घालायचा, गरम पाकात घातला तर कडवटपणा येतो. तोपर्यंत बाबांच्या सोड्याचे काय, हा प्रश्न उरतो. घरी सोडा करायचे यंत्र घ्यावे का, असे त्यांनी विचारले होते. मी चौकशी केली. यंत्राला हजारो रुपये पडतात, वायूची नळकांडी पुन्हा पुन्हा बदलावी लागतात, आणि दोन माणसांच्या घरात ती किंमत वसूल व्हायला फार काळ लागेल. माझे मत विचाराल तर घेऊ नये. साधा, बिनसाखरेचा सोडा विकत आणावा आणि बाटली पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नये, कारण गार पाण्यात वायू अधिक विरघळून राहतो आणि उरलेला सोडा दुसऱ्या दिवशीही तसाच फसफसतो. चवीसाठी आल्याचा रस किंवा कोकमाचे भिजवलेले पाणी घरचेच आहे. आठवड्याला तीनऐवजी एक बाटली पुरेल.

चहाच्या मसाल्यावर फार लिहीत नाही. सुंठ, वेलदोडे, मिरे आणि दालचिनी घरात असतेच; त्यात थोडे जायफळ किसून घाला आणि थोडाच करा, कारण वास महिन्याभरात उडतो. परसात गवती चहाचा ठोंब आहे, त्याची दोन पाती चहात टाकली तर मसाल्याचीही गरज पडत नाही.

ज्यासाठी जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि मला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट म्हणजे वाळा. वाळ्याची एक जुडी स्वच्छ धुऊन माठात टाकली की साध्या पाण्याला असा मातकट गोड सुगंध येतो की सरबताची आठवणही होत नाही. दर तीन-चार दिवसांनी जुडी काढून कडक उन्हात वाळवावी आणि पुन्हा टाकावी. एक जुडी बरेच दिवस चालते. सब्जाचे बी चमचाभर भिजवून त्याच पाण्यात घातले तर बाबांना दुपारी गोड पिण्याची ओढ कमी होईल असे मला वाटते. मोगरा घालायचा असेल तर फक्त आपल्या अंगणातला घ्यावा, विकतच्या फुलांवर कसले फवारे मारले असतील ते कळत नाही.

आणि बाबा, सगळेच घरी करायला हवे असा माझा हट्ट नाही. संध्याकाळी फिरून येताना तुम्ही दोघे रसवंतीत बसून एक पेला उसाचा रस निम्मा-निम्मा घेता, तो खर्च मी बेरजेत धरलेलाच नाही आणि धरणारही नाही.

माझ्या अंदाजाने हे सगळे जमले तर महिन्याला हजार-बाराशे रुपये तरी वाचतील. ते बाबांनी वेगळ्या रकान्यात लिहावेत, म्हणजे सप्टेंबरात आईच्या चष्म्याचा प्रश्न सुटेल. ताकाचा मसाला आणि वाळ्याच्या दोन जुड्या उद्या कुरिअरने पाठवते. मी १६ मेच्या शनिवारी सकाळी पोहोचेन. रातांबे, साखर आणि बिनमिठाची सोले माझ्याबरोबर असतील. आई, माळ्यावरच्या काचेच्या बरण्या तू काढू नकोस, स्टुलावर तर मुळीच चढू नकोस. मी आल्यावर काढून, गरम पाण्याने धुऊन वाळवीन. कैऱ्या मात्र या आठवड्यातच आण, बाबांना सोबत ने, आणि गुळाचे प्रमाण तुला दीड वाटीहून कमी-जास्त वाटले तर फोन करून सांग, म्हणजे मीही इथे तसाच करेन.

तुमची,
सुमेधा