सोलरचं पाणी पहाटे कोमट: अध्यक्षांना चौथं पत्र

मा. अध्यक्ष यांस,
स.न.वि.वि.

बी विंगच्या सोलरबाबत ऑक्टोबरपासूनचं हे चौथं पत्र. आधीच्या तिन्हींना उत्तर एकच मिळालं, "हवा ढगाळ आहे". आता फेब्रुवारी आहे आणि पुण्याचं आकाश लख्ख आहे. काल संध्याकाळी टाकीत ६२ अंश होतं. पहाटे पाचला, कोणी नळ उघडण्याआधी, ४१. इन्सुलेशन धड असलेली १००० लिटरची टाकी एका रात्रीत एवढी उतरत नाही. डिसेंबरात ट्यूबा धुण्यावर खर्च झाला, पण दोष ट्यूबांत नव्हताच.

सोलर टाकीला गार पाणी देणारा पाईप पहाटे हाताला गरम लागतो. याचा अर्थ पाणी उलटं चाललंय. ७०१ मध्ये गार लाईनवर प्रेशर पंप आहे, साधारण दीड बार दाबाचा. गरम लाईन मात्र नुसत्या उंचीवर चालते. सातव्या मजल्यावर तिचा दाब जेमतेम पाव बार. बाथरूममधल्या गरम-गार मिक्सरचे दोन्ही नळ उघडे ठेवून हँड शॉवर नुसता बटणाने बंद केला, की गार पाणी मिक्सरमधून गरम लाईनीत घुसतं, वर टाकीत चढतं आणि टाकीतलं गरम पाणी गार पाईपात मागे ढकलतं. तो पंप रात्री तीनलाही सुरू-बंद होतो, हे ६०१ आणि ६०२ दोघेही सांगतील.

शंका असेल तर रविवारी प्लंबरसमोर तपासू. गच्चीवरचा गरम आउटलेटचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि खाली गरम नळ उघडायचा. पाईपातलं उरलेलं पाणी संपल्यावरही धार चालू राहिली, तर ७०१ चे अँगल कॉक बंद करा. धार थांबेल.

सोसायटीच्या उपविधींप्रमाणे पंप बसवण्यासारखा फेरफार समितीच्या लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. ती दिली असल्यास प्रत द्यावी. मी कोणाचा पंप काढा म्हणत नाही. त्यांच्या गरम लाईनवर त्यांच्या खर्चाने एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) बसवावा, तोही फ्लॅपचा. स्प्रिंगचा बसवला तर एवढ्या कमी दाबाला त्यांचंच गरम पाणी बारीक येईल.

सभेपुढचा टाकीत इलेक्ट्रिक कॉइल बसवण्याचा ठराव तोवर थांबवावा. १००० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४० युनिट वीज लागते. एका फ्लॅटच्या मिक्सरपायी ते बिल अठ्ठावीस घरांनी भरायचं, हे बी विंगमध्ये कोणालाच मान्य नाही.

रविवारी सकाळी नऊला गच्चीची किल्ली मिळावी.

आपला,
बी विंगमधील सभासद