सूचना : डोलकाठीच्या तारा आणि आउटबोर्ड बदलण्याआधी

शिडाच्या लहान होडीच्या तारा किंवा आउटबोर्ड (होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसणारी मोटर) नव्या मोसमाआधी बदलू इच्छिणाऱ्या सभासदांनी खरेदीपूर्वी हे वाचावे.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या तारा साधारण 10 ते 15 वर्षांत बदलतात. खाऱ्या पाण्यात त्याहून लवकर. तार बहुधा टोकाला, दाबून बसवलेल्या जोडापाशी तुटते. तिथे एक धागा जरी सुटलेला दिसला तरी तार बाद समजावी. जाड तारेचा मोह नको. उंचावर वजन वाढले की होडी जास्त कलते. आणि नवी तार जुन्या चेनप्लेटला (तार होडीला जिथे अडकते ती धातूची पट्टी) अडकवून काय उपयोग? ही पट्टी डेकमधून जाते तिथे, सीलंटखाली, गंजत असते आणि वरून चकचकीत दिसते. काढूनच पाहा. डोलकाठी उभीच ठेवणार असाल, तर एका वेळी एकच तार सोडा आणि त्याआधी तिच्या बाजूने पर्यायी दोर ताणून बांधा.

जलरेषेवर 20 फूट लांबीच्या होडीचा वेग सुमारे 6 नॉटला (ताशी सुमारे 11 किमी) अडतो. त्यापुढे आउटबोर्डची जादा अश्वशक्ती फक्त इंधन पिते. त्यापेक्षा 20 इंची लाँग शाफ्ट (पंखा खोल ठेवणारा लांब दांडा) आणि कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा) मोठा पंखा घ्या, नाहीतर लाटेवर मागची बाजू उचलली की पंखा हवेतच फिरतो. मागच्या फळीला वजन पेलेल ना, तेही बघा.

डोलकाठी उतरवायला मदत हवी असल्यास आधी कळवावे. विजेच्या तारांखाली ती उतरवू किंवा उभारू नये.