ताई, तुम्ही त्याचं बोट पाहिलंत

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

रोज भेटतो आपण, पण हे तोंडावर बोलायला गेले की माझा गळा दाटतो. म्हणून लिहितेय, आणि मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय.

सोन्या अडीच वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता, हाकेला वळत नव्हता. मुलगे उशिराच बोलतात, असं घरचे म्हणायचे. डॉक्टरांना दाखवलं, तेही तेच म्हणाले. तुम्ही मात्र अंगणवाडीत आठवडाभर त्याच्याकडे नुसतं बघत राहिलात आणि एका दुपारी मला थांबवून घेतलंत. "पाणी हवं असलं की हा माझं मनगट धरून माठाकडे ओढत नेतो. बोट दाखवत नाही. खिडकीत कावळा आला तरी 'बघ' म्हणून दाखवत नाही." मी त्याची आई, पण माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं. तुम्ही मला घाबरवलं नाहीत, कुठल्या आजाराचं नावही घेतलं नाहीत. तपासणीला आरोग्य पथक आलं तेव्हा त्याला आवर्जून दाखवलंत, जिल्ह्याच्या दवाखान्यात एसटीने माझ्यासोबत आलात. 'स्वमग्नता' (ऑटिझम) हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला.

मग बोलणी सुरू झाली. आईने मोबाइल हातात दिला, आईचं लक्ष नाही. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. एकेकाळी मोठमोठे डॉक्टरसुद्धा आईच्या कोरडेपणालाच दोष द्यायचे, हे मी पुढे वाचलं. बर्नार्ड रिमलँड नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून ते खोडून काढलं. पण माझ्या डोक्यावरचं ओझं मी हे वाचण्याच्या कितीतरी आधी तुम्ही उतरवलं होतंत.

ते संक्रांतीचं हळदीकुंकू आठवतं ना? सोन्या कोपऱ्यात स्टीलचं झाकण फिरवत बसला होता. गरगर फिरून ते खाली पडलं की पुन्हा फिरवायचा. "वेडसर आहे का गं?" कुणीतरी हळूच विचारलं. तुम्ही हातातलं वाणाचं ताट खाली ठेवलंत. "वेडा नाही. एवढ्या बायकांचा गलका त्याला सोसत नाही. झाकणाकडे बघितलं की त्याला बरं वाटतं." गलका आपोआप कमी झाला. मग एका सुनेने भीत भीत विचारलं, लसीमुळे होतं का असं? "१९९८ साली इंग्लंडातल्या एका डॉक्टराने तसा लेख छापला होता. तो चुकीचा निघाला, २०१० मध्ये तो छापणाऱ्या नियतकालिकानेच मागे घेतला. लस चुकवलीत तर गोवर येईल, स्वमग्नता टळणार नाही," तुम्ही ठणकावून सांगितलंत. त्या महिन्यात ती स्वतः तिच्या बाळाला घेऊन आली.

शाळेने प्रवेशाला आढेवेढे घेतले तेव्हाही २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा घेऊन तुम्हीच पुढे झालात.

आता सोन्या आठ वर्षांचा आहे. शब्द थोडेच आहेत, बाकीचं चित्रांच्या कार्डांवर भागतं. गेल्या सोमवारी आम्ही फाटकाशी उभे होतो. गल्लीच्या वळणावर तुमची स्कूटी दिसली. त्याने बोट केलं आणि मी बघतेय की नाही, म्हणून वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं.

येत्या २ एप्रिलला, जागतिक स्वमग्नता दिनाला, तुम्ही बायकांना जमवणार आहात असं कळलं. यंदा बोलायला मी उभी राहते. झाकण घेऊन सोन्याही येईल.

तुमची,
सोन्याची आई